निवाड्यानंतरची टक्केवारी

खेरडीतल्या एखाद्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा बत्तीस वर्षांचा कामगार रात्रपाळी संपवून परत येताना ट्रकच्या धडकेत गेला, असं धरून चालू. पगार महिना १५,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ठरवून दिलं आहे. पगार ठरावीक आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. घरात चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००. या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी आणि सहजीवनाच्या हानीपोटीची रक्कम यावर वेगळी.

आता वकिलाशी तोंडी २० टक्के ठरले असतील, तर ६,०४,८०० रुपये त्यांचे. गुणकाच्या भाषेत सांगायचं तर सोळा वर्षांच्या धान्यातलं जवळपास सव्वातीन वर्षांचं धान्य गेलं.

आणि याला पावती नाही. हा लेख त्या नसलेल्या पावतीबद्दल आहे.

दादरा-नगर हवेलीतलं खेरडी, म्हणजे चिपळूणजवळची औद्योगिक वसाहतीची खेरडी नव्हे. हे गाव सिल्वासाच्या बाजूचं. करसवलतींमुळे गेल्या काही दशकांत या प्रदेशात कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या, आणि वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांच्या शेजारी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार चाळींत राहू लागले. महाराष्ट्रातूनही बरेच जण आले. मालाचे ट्रक, कंपनीच्या बस, दुचाकीवर तिघं, अंधारातली सायकल. अपघाताला लागणारं सगळं इथल्या रस्त्यांवर आहे. यंत्रात हात जाण्याचे प्रकार वेगळेच.

अपघात झाला की घरातली माणसं भानावर येण्याआधी कुणीतरी येतो. कधी इस्पितळाच्या आवारात भेटतो, कधी दहाव्याला घरी. बोलतो सांत्वनाचं, हातात कागद असतो. ‘आत्ता एक पैसा देऊ नका, क्लेम पास झाला की बघू,’ हे त्याचं वाक्य. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्याच बैठकीत बँकेचं खातं उघडायचे कागद होतात, आणि काही ठिकाणी कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवरही सही होते. घाईला एक निमित्तही असतं: मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो, असं बंधन आलं. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण दारात आलेला माणूस ‘सहा महिने’ एवढंच सांगतो.

ही पद्धत इतकी सरावाची झाली आहे की ती बेकायदा आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांतला विसावा नियम अगदी थोडक्यात आहे: खटल्याच्या निकालावर अवलंबून राहणारी फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचं कबूल करायचं नाही. त्याच्या पुढचा नियम दाव्यातला हिस्सा विकत घेण्यालाही मनाई करतो. इंग्लंड-अमेरिकेत जी गोष्ट जाहिरात करून चालते, ती इथे गैरवर्तन आहे.

या मनाईचा सगळ्यात ठळक जुना निकाल मुंबईशी जोडलेला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाकडून लिहून घेतलं की, कज्जातून जी वसुली होईल तिच्यातले ५० टक्के वकिलाचे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं आणि त्यांची वकिली सहा महिने थांबवली गेली. १९५४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. तिथल्या अहवालात त्या वकिलांचं नाव फक्त ‘जी’ असं आहे. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडलेला मुद्दा आजही तितकाच नेमका वाटतो: दोन सामान्य माणसांनी असा करार केला असता तर कायद्याने तो चालला असता, पण वकील हा न्यायालयाचा अधिकारी, खटल्यात त्याचा स्वतःचा पैसा अडकला की त्याचा सल्ला निर्मळ राहत नाही.

त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, ५ डिसेंबर २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं, आणि यावेळी प्रकरण थेट अपघात दाव्याचं होतं. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा १९९८ मध्ये अपघातात गेला होता. भरपाई मिळाली. बाईंचं म्हणणं असं की वकिलांना दहा लाख रुपये देऊन झाले होते, तरी ऑक्टोबर २०१४ मध्ये आणखी तीन लाखांच्या चेकवर त्यांची सही घेतली गेली. खात्यात पैसे नाहीत, हे त्यांनी सांगितलं होतं. चेक वटला नाही, आणि वकिलांनी त्यांच्यावर चेक न वटल्याचा फौजदारी खटला भरला. ज्या माणसाने तिची बाजू मांडायची, त्याच्याच फिर्यादीत ती आरोपी झाली.

न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि उदय लळीत यांच्या पीठाने तो खटला रद्द केला. दाव्याच्या रकमेवर टक्क्यांनी फी मागणं हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून करार कायद्याच्या कलम २३ खाली असा करार निरर्थक. आणि अशा फीचा चेक म्हणजे वसूल करता येण्याजोगं देणं नव्हे. सही केली म्हणून अशिलाचा वाद घालायचा हक्क जात नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. सुनावणीदरम्यान वकिलांनी फिर्याद मागे घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा गंभीर गैरवर्तन केल्यावर अशी सुटका मिळणार नाही, असं उत्तर मिळालं. याच निकालात विधी आयोगाच्या १९८८ च्या १३१ व्या अहवालाची आठवण काढली गेली. वकिलांच्या फीवर संसदेने काही नियंत्रण आणावं, असं त्या अहवालात सुचवलं होतं. ते नियंत्रण अजून आलेलं नाही.

टक्केवारीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर चित्र अर्धं राहील. नवरा गेलेल्या घरात वकिलाला द्यायला दहा हजारही नसतात. पोलिसांकडून कागद मिळवायचे, डॉक्टरांना साक्षीला आणायचं, विमा कंपनीच्या वकिलाशी तारखांमागून तारखा लढायचं, आणि हे चार-पाच वर्षं स्वतःच्या खिशातून चालवायचं, असं काम करणारे वकील आहेत. दावा फेटाळला गेला तर त्यांना काहीच मिळत नाही. टक्केवारी नसती तर यातले कित्येक दावे दाखलच झाले नसते. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ट्रकचा विमा आहे, पोलिसांचे कागद सरळ आहेत, मरणारा पायी चालत होता, अशा दाव्यात ‘काहीच मिळणार नाही’ ही जोखीम नावापुरती असते. जोखीम थोडी आणि वाटा पाचवा, हे गणित न्याय्य नाही. वाटा जोखमीप्रमाणे कमी-जास्त होत नाही. गावात जो दर चालतो तोच लागतो.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे ‘जिंकलो तर फी’ हा करार कायदेशीर आहे, म्हणून तो कागदावर असतो, आणि कागदावर असल्यामुळे त्यावर भांडता येतं. १ एप्रिल २०१३ पासून नियम असा की, शारीरिक इजेच्या दाव्यात वकिलाची यशाची जादा फी अशिलाच्या भरपाईतून घेता येते, पण ती इजेची भरपाई आणि आजवरचं नुकसान यांच्या २५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आयुष्यभराच्या शुश्रूषेसाठी किंवा बुडणाऱ्या पुढच्या पगारासाठी मिळालेल्या रकमेला हात लावता येत नाही. खेरडीच्या उदाहरणातली भरपाई जवळजवळ सगळीच पुढच्या पगाराची आहे, हे लक्षात घेतलं की या एका नियमाचं मोल कळतं.

बिल आल्यावरचा रस्ताही तिथे आखून दिलेला आहे. १९७४ च्या सॉलिसिटर कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, बिल हातात पडल्यापासून एक महिन्यात अशिलाने अर्ज केला तर न्यायालयाला ते तपासावंच लागतं. एक वर्षापर्यंत तपासणी न्यायालयाच्या मर्जीवर, त्यानंतर खास कारण असेल तरच. तपासणीत बिल पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी झालं, तर तपासणीचा खर्च वकिलाच्या डोक्यावर. २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका वकील संस्थेने सरसकट लावलेली १०० टक्के जादा फी १५ टक्क्यांवर आणण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला, कारण त्या दाव्यात जोखीम किती होती हे कुणी मोजलंच नव्हतं आणि अशिलाला नीट सांगितलंही नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: भरपाईतून वकिलाने परस्पर रक्कम कापून घेतली, म्हणजे अशिलाने बिल ‘भरलं’ असं होत नाही, आकडा पाहून त्याने होकार दिला पाहिजे. तोवर, बिल भरल्यापासून मोजल्या जाणाऱ्या मुदतीचं घड्याळ त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. लंडन-लेस्टरमधल्या मराठी घरांत कुणाचा अपघाताचा दावा नुकताच मिटला असेल, तर हा निकाल त्यांच्या कामाचा आहे.

आपल्याकडे बिल तपासण्याची कल्पना अगदीच परकी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरांची बिलं तपासणारे टॅक्सिंग मास्टर हे अधिकारी पूर्वापार आहेत. कुठल्या पत्राला किती, कुठल्या भेटीला किती, हे ओळीओळीने पाहिलं जातं. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी आणि अ‍ॅडव्होकेट हा भेद कायद्यातून गेला, तरी ही तपासणी त्या इमारतीत टिकली. पण तिचा लाभ मोठ्या व्यापारी दाव्यांतल्या पक्षकारांना. सिल्वासाच्या न्यायाधिकरणात दावा लढवणाऱ्या विधवेसाठी तसा अधिकारी नाही.

परदेशी टक्केवारीचं दर्शन भारताला एकदा फार जवळून झालं होतं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायू गळला आणि काही दिवसांतच अमेरिकी वकील तिथे उतरले. झोपड्यांतून अंगठे गोळा होऊ लागले. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. पुढे १९८९ मध्ये झालेली ४७ कोटी डॉलरची तडजोड किती अपुरी होती, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

दलालांचा प्रश्नही जुनाच. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात पक्षकारावर झडप घालून काम मिळवणाऱ्या वकिलांचं प्रकरण सत्तरच्या दशकात महाराष्ट्राच्या विधिज्ञ परिषदेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं होतं, आणि १९७५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा वागण्याचा कडक शब्दांत समाचार घेतला. १८७९ च्या कायद्यातली दलालांची यादी लावण्याची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यात आणली गेली आहे. तेव्हा सांत्वनाला आलेला तो माणूस कायद्याच्या नजरेतून सुटलेला नाही.

न्यायालयांनी मात्र दुसऱ्या बाजूने, म्हणजे पैशाच्या वाटेवर, बांध घालायचे प्रयत्न केले आहेत. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन वारस, निरक्षर दावेदार आणि विधवा यांच्या भरपाईचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवावा, म्हणजे हाती येताच कुणी तो काढून घेणार नाही. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विमा कंपन्यांकडून रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात जावी, असे निर्देश सर्व न्यायाधिकरणांसाठी दिले. यामुळे चेक कुणाच्या हातात पडला, हा जुना घोळ कमी होईल. पण खातं उघडताना कोऱ्या स्लिपवर सही झालेली असेल, तर पैसे खात्यात येतात आणि त्याच दुपारी रोखीने बाहेर जातात. पासबुकावर दोन ओळी उमटतात, एक जमेची, एक नावेची. टक्केवारीचा पुरावा म्हणून कुटुंबाकडे उरतात त्या याच दोन ओळी. म्हणून पासबुक भरून घेणं फार महत्त्वाचं.

कारखान्यातल्या अपघातांच्या बाबतीत कायदा याहून जागरूक होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. मालकाने परस्पर कुटुंबाला दिली तर ती दिली असं धरलं जात नसे. भरपाईची रक्कम कुणाच्या नावे करून देता येत नव्हती, तिच्यावर बोजा चढवता येत नव्हता, जप्तीही आणता येत नव्हती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही संरक्षणं तिच्यातही आहेत. ज्या रकमेवर बोजा चढत नाही, तिचे २० टक्के तोंडी करारावर जावेत, हे खटकायलाच हवं.

मग पैसे गेल्यावर करायचं काय? ग्राहक आयोगाचं दार १४ मे २०२४ ला बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. या निर्णयाची कारणं वकिलीच्या स्वायत्ततेची आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. पण सामान्य माणसाला जवळचं, स्वस्त असं एक ठिकाण त्याने गेलं, हेही खरं.

उरतं ते विधिज्ञ परिषदेचं दार, आणि दादरा-नगर हवेलीसाठी ते आहे मुंबईत. प्रदेश केंद्रशासित, शेजार गुजरातचा, तरी उच्च न्यायालय मुंबईचं आणि वकिलांवर देखरेख महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेची. अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली तिथे तक्रार करता येते. ती इंग्रजीतच हवी असं नाही, राज्यभाषेतही चालते. दाव्यासारखी सही आणि सत्यापन मात्र लागतं. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, काही काळ वकिली थांबवू शकते किंवा सनदच काढून घेऊ शकते. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती भारतीय विधिज्ञ परिषदेकडे जाते. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत तिथेच अपील, आणि पुढे सर्वोच्च न्यायालय. पैसे परत मिळवायचे तर त्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. वापीहून गाडी धरून मुंबईच्या खेपा घालायच्या, रोजंदारी बुडवायची, आणि हातात लेखी काहीच नाही. म्हणून बहुतेक जण घरीच बसतात.

फाइल अडवून ठेवली जाते, अशीही भीती असते. फी राहिली म्हणून कागद अडवायचा हक्क वकिलाला नाही, हे २००० साली मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं. तिथे वकिलांनी ९७,१०० रुपयांच्या थकलेल्या बिलापोटी बँकेच्या फायली ठेवून घेतल्या होत्या. फी मागायची तर दावा लावा, कागद परत करा, असा तो निकाल.

या सगळ्यात सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील कुणाला मिळतो? स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना, आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. खेरडीत अपघाताने उघड्यावर पडणाऱ्या घरांत यात न बसणारं माणूस शोधावं लागेल. वारली बाई दोन कारणांनी बसते, हात गमावलेला कामगार दोन कारणांनी. सिल्वासाला विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे. मोफत वकील मन लावून लढत नाही, ही लोकांची शंका पोकळ नाही. तिला उत्तर प्राधिकरणाने कामातून द्यायला हवं. पण इस्पितळाच्या आवारात दलाल पहिल्या दिवशी पोहोचतो आणि प्राधिकरणाचा कार्यकर्ता कधीच पोहोचत नाही, तोवर त्या शंकेची परीक्षाही होणार नाही. खेरडीच्या ग्रामपंचायतीत आणि कारखान्यांच्या फाटकांवर मराठी, गुजराती, हिंदीत कलम १२ चा एक फलक लावायला फार खर्च नाही.

ज्यांचा दावा संपून पैसे कापले गेले आहेत, त्यांच्या हातात आज एक साधा कागद आहे. विधिज्ञ परिषदेच्याच नियमांप्रमाणे वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशोब ठेवायचा असतो, फी आणि खर्च वेगळे दाखवायचे असतात, आलेली रक्कम लवकरात लवकर कळवायची असते, आणि अशिलाने मागितला तर नकलेचा खर्च घेऊन हिशोबाची प्रत द्यायची असते. फी आधी ठरलीच नसेल, तर न्यायालयाच्या नियमांत बसणारी किंवा त्यावेळी दोघांनी ठरवलेली फी वजा करून बाकी परत करायची असते. म्हणून तक्रारीआधी मागणीचं पत्र: दाव्याचा क्रमांक, निवाड्याची तारीख, जमा झालेली रक्कम, कोणत्या तारखेला किती पैसे कुणाला दिले, फी किती, मुद्रांक, नकला, साक्षीदार, प्रवास यांचा खर्च किती, आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं अशी विनंती. पोचपावतीच्या टपालाने पाठवायचं, पासबुकाची झेरॉक्स जोडायची, पोचपावती निवाड्याच्या नकलेसोबत जपून ठेवायची. उत्तर आलं तर बिल हातात आलं. नाही आलं तर मुंबईला पाठवायच्या तक्रारीचा पहिला पुरावा तयार झाला.